बेचाळिसावी तक्रार

नाही, पण मला आधी एक सांगा, चांगल्या चाललेल्या वस्तूला हात लावायला यांना सांगतं कोण? फोन चालू होते, मेल येत होती, जात होती, माणसं खाली मान घालून अंगठ्यांनी उत्तरं ठोकत होती, कुणाचं काही म्हणणं नव्हतं... आणि एका शनिवारी उठून म्हणे अपडेट! कशाला? तर म्हणे सुधारणा! त्या सुधारणेपायी आमच्या मनीषची काय गत झाली ते तुम्हाला सांगतो, आणि अक्षर न् अक्षर खरं सांगतो, खोटं निघालं तर ही जीभ जागच्या जागी झडून पडेल. मी स्वतः तिथं होतो. म्हणजे... तिथं म्हणजे अगदी तिथं नव्हतो, मी जांबे गावात होतो, माझ्या मेसमध्ये, चपात्या करपतायत का बघत. पण मनीष माझ्याकडंच जेवायचा, आणि समोरच्या बाकावर बसून त्यानं मला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे अर्धं सांगितलं. उरलेलं मी त्याच्या तोंडाकडं बघून ओळखलं. याहून खरं तुम्हाला आणखी काय पाहिजे?

तर हा मनीष. जिंतूरचा पोरगा, अंगानं काडी, स्वभावानं गाय. हिंजवडीतल्या एका कंपनीत (नाव विचारू नका, मी सांगणार नाही, आणि सांगितलं तर ते खोटं असेल) फोनवरच्या मेलचा डॉक्टर. साल दोन हजार नऊ. त्या काळी ज्याच्या फोनवर मेल यायची तो माणूस जिना चढताना वेगळा चढायचा! कंपनीनं साहेबलोकांना एकसारखे काळे फोन वाटलेले, खाली तांदळाएवढ्या बटणांची पट्टी, मधे बोटानं फिरवायची गोळी, वर कोपऱ्यात लाल दिवा. मेल आली की दिवा मिचमिच, मिचमिच... आणि ज्याचा दिवा मिचमिचायचा थांबला त्याच्याकडं मनीषनं धावत जायचं.

नोकरी कच्ची. तिकडं परभणीला ऋतिका नावाची मुलगी पसंत पडलेली, दोघांची रोज तासतासभर बोलणी चाललेली, माझ्या मेसमधलं वरण गार होईपर्यंत. पण मुलीचे वडील निवृत्त हेडमास्तर. त्यांनी दाखला मागावा तसं मागितलं, "रविवारी साखरपुडा आहे. येताना नोकरी पक्की झाल्याचं पत्र आणा. पत्र नसेल तर पेढे आणू नका आणि तुम्हीही येऊ नका."

आणि ते पत्र कुणाच्या हातात? तर शरदचंद्र साहेबांच्या. हा माणूस आवाज म्हणून चढवत नाही हो, त्याचीच तर भीती वाटते! "मनीष, हे बघ, आय वॉन्ट झीरो. शुक्रवारी दुपारी एक वाजता बोर्डवर ओपन तक्रारी झीरो दिसल्या, की मी तुझ्या लेटरवर सही करतो. एक जरी दिसली ना... मग सहा महिने अजून बघू आपण. ओके?" ओके म्हणायचं, दुसरं काय म्हणणार?

आता तक्रार बंद कशी होते तेही ऐका, नाहीतर पुढं मला विचाराल. मनीषनं फोन दुरुस्त केला आणि 'झाला' असं लिहिलं, एवढ्यानं भागत नाही. ज्याची तक्रार, त्याला कंपनीकडून मेल जाते, 'आपली अडचण दूर झाली का? हो की नाही?' त्यानं स्वतःच्या फोनवरून 'हो' दाबलं तर तक्रार बंद. नाही दाबलं, तर तुम्ही फोन सोन्याचा करून दिलात तरी तक्रार उघडी ती उघडीच!

शनिवारी अपडेट झालं. सोमवारी सकाळी कंपनीत काय दृश्य होतं म्हणता! एक्केचाळीस माणसं फोन हलवतायत, खिडकीशी धरतायत, एक जण तर शर्टावर घासत होता. सुलक्षणा मॅडम म्हणतात, "मनीष, माझ्याकडं शुक्रवारनंतर जगात काही घडलेलंच नाही!" एक साहेब म्हणतात, "मला कुणी मेलच करत नाही," आणि असं काही रडवेल्या आवाजात म्हणतात की मनीषला वाटलं यांना आधी चहा पाजावा. हा गडी भिडला. बॅटरी काढा, घाला. तारीख बघा, तारीख चुकली की पलीकडचं यंत्र ओळख देत नाही. खातं पुसा, पुन्हा भरा. पासवर्ड विसरलात? बायकोचं नाव टाकून बघा... त्या नव्हे, हल्लीच्या. सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवारी संध्याकाळी एक्केचाळीस दिवे मिचमिचायला लागले, एक्केचाळीस अंगठ्यांनी 'हो' दाबलं. मनीषनं बोर्डकडं पाहिलं... आणि बोर्डवर झीरो नव्हता. एक होता. बेचाळिसावी तक्रार उघडी ती उघडीच!

कुणाची? तर वेदांतची.

आता तुम्ही म्हणाल, असेल कुणी वेदांत, त्यात काय! अहो, हा वेदांत म्हणजे मनीषच्या आधी त्याच खुर्चीवर बसणारा, तेच काम करणारा पोरगा. आदल्या वर्षी, भातकापणीच्याच दिवसांत, घोटावड्याच्या रस्त्याला वळणावर त्याची गाडी घसरली आणि तो गेला. गेला म्हणजे गेलाच. त्याच्या दहाव्याला निम्मी कंपनी आली होती. मग त्याचं खातं चालू कसं? तर नियम! खातं बंद करायच्या कागदावर नोकरी सोडणाऱ्याची सही लागते. सही करायला माणूस पाहिजे. माणूस नाही, म्हणून सही नाही, म्हणून कंपनीच्या लेखी वेदांत अजून कामावर. रजेवर असेल म्हणा.

मनीषनं तक्रार उघडली. इंग्रजीत होती, मी मराठीत सांगतो. सोमवार, दुपारी बारा. 'फोनवर मेल सिंक होत नाही. घोटावड्याच्या पुढे, ओढ्याच्या अलीकडे म्हसोबा आहे तिथे थांबलोय. इथे जरा रेंज आहे.' खाली दुसरी मेल. मंगळवार, दुपारी बारा. 'अजून होत नाही. इथे एक म्हातारबाबा बसलेत. तू कुणाचा कोण म्हणून विचारतायत.' त्याखाली तिसरी. त्याच दिवशीची, बुधवार. बरोब्बर बारा.

'म्हातारबाबा म्हणतात, फोन इथे ठेव आणि जा. मी बघतो.'

मनीष ज्या खुर्चीवर बसून हे वाचत होता ती वेदांतची. तिच्या पाठीला वेदांतच्या ओळखपत्राची निळी नाडी अजून लटकत होती, कुणी काढलीच नव्हती. एसी नेहमीसारखाच चालू होता म्हणतो, पण ती नाडी हलत होती... नाही, हे नाडी हलण्याचं मी आत्ताच घातलं, ते सोडा. पण मेल खऱ्या. मनीषला आधी वाटलं कुणीतरी चावटपणा करतंय. त्यानं तपासलं. मेल वेदांतच्याच खात्यावरून, वेदांतच्याच फोनवरून आलेल्या. तो फोन अपघातानंतर कुणालाच सापडला नव्हता. खिशात नाही, रस्त्यावर नाही, पोलिसांच्या कागदात नाही.

आता इथं तुम्ही आम्ही काय केलं असतं? देवाचं नाव घेऊन घरी गेलो असतो. पण सवय वाईट हो! मनीषचा हात आपोआप की-बोर्डवर गेला आणि त्यानं दिवसातून चाळीस वेळा पाठवायचा तो मजकूर पाठवला, 'प्रिय वेदांत, तक्रारीबद्दल धन्यवाद. कृपया फोनची बॅटरी काढून पुन्हा घालावी.' पाठवून झाल्यावर त्याला कळलं की आपण मेलेल्या माणसाला बॅटरी काढायला सांगितली! त्या रात्री तो माझ्याकडं जेवला नाही, भात नुसता चिवडला.

गुरुवारी, दुपारी बारा. 'बॅटरी काढून घातली. तेच.'

मनीषनं स्वतःला समजावलं. डोकं शाबूत होतं पोराचं. हा फोन कुठंतरी पडलाय, मेल वर्षभर त्यातच अडकून राहिल्या, अपडेटनं तारीख सुधारली तशा आता एकेक बाहेर पडतायत. वेदांत आपल्याच धंद्यातला, त्यालाही पहिल्यांदा बॅटरीच सुचली असणार. अडकलेल्या मेल मागंपुढंही होतात. सगळं बरोबर! फक्त एक गोष्ट बसेना. वर्षभर फोन चार्ज कोण करतंय? आणि करत असेल कुणी, पण 'हो' कोण दाबणार? शुक्रवार उजाडला, आणि तक्रार उघडी ती उघडीच!

सकाळी ऋतिकाचा फोन. "पत्र मिळालं का रे?" हा म्हणतो, "आज मिळायलंय." ती म्हणते, "असा का बोलायलास? आवाज कुठून आल्यासारखा येतोय तुझा?" यानं फोन ठेवला, लॅपटॉप पाठीला लावला, गाडीला किक मारली आणि माण गावावरून घोटावड्याचा रस्ता धरला.

रस्ता तुम्हाला माहीतच आहे. कारखान्यांच्या भिंती संपल्या की एकदम खाचरं लागतात. कापणी चाललेली, निम्मं भात उभं, निम्मं आडवं. पण ओढ्याकडं वळल्यावर मनीषच्या लक्षात आलं की खाचरात माणसंच नाहीत. इळे बांधावर ठेवलेले, भाकरीची फडकी तशीच, आणि माणूस एक नाही. ऊन टळटळीत. पाखराचा आवाज नाही. भर दुपारी, अगदी सगळं स्वच्छ दिसत असताना भीती वाटते ना, ती वाईट, कारण तिला लपायला जागा लागत नाही.

म्हसोबा म्हणजे काय, शेंदूर फासलेला गुडघ्याएवढा दगड, वर पत्रा, पत्र्याला एक बल्ब, खाली तेलाचा दिवा. आणि दिव्याच्या शेजारी, नीट, शेंदराचा टिळा लावून ठेवलेला तो काळा फोन. लाल दिवा मिचमिच, मिचमिच...

"कुनाचा रं तू?"

 मागं वळून बघतो तर एक म्हातारी, हातात तेलाची बुधली. चंद्राबाई तिचं नाव, त्या आठवड्याची दिव्याची पाळी तिच्या घरची.

"आजी, मी... मी कंपनीतून आलोय. हा फोन..."

"हात आवर आधी! देवाम्होरं ठेवलेली वस्तू हाय ती. ज्याची हाय त्यानंच उचलायची, दुसऱ्यानं शिवायची न्हाई. गेल्या साली अशीच कापनी हुती, येक दिस बघती तर हितं ठेवलेला. म्हनलं आसंल कुनाचा, नेईल येऊन."

"वर्ष झालं आजी!"

"मग? खायाला मागतोय व्हय त्यो?"

"पण तो चालू कसा?"

"आत्ता! हितला दिवा इझू द्यायचा न्हाई ही आमची रीत. ज्याची पाळी त्यानं बारा वाजता तेल घालायचं. मग ह्येचाबी दिवा हायेच की लाल! त्यो काय म्हनून इझू द्यायचा? जावयानं पिन आनून दिली, बल्पाच्या वायरीतनं लावतो आमी. आठ घरांची पाळी हाय, येक दिवस चुकला न्हाई."

ऐकलंत? वर्षभर! आठ घरं एका परक्या पोराच्या फोनला तेल घातल्यासारखं चार्जिंग घालत होती. बारा वाजता पिन लागायची, बारा वाजता मेल सुटायची. मनीषला इतकं हायसं वाटलं की त्याला हसूच आलं. मग हसता हसता त्यानं विचारलं, "आणि आजी, इथं ते म्हातारबाबा बसतात ते कोण?"

चंद्राबाई तेल घालता घालता थांबली. "हितं कुनी बसत न्हाई. बसायची रीत न्हाई. बाराला तर पाळीवाला सोडून मानूस बांधावरसुदिक थांबत न्हाई, बघ की, हाय का कुनी?" मग आवाज उतरवून म्हणाली, "घोंगडं हुतं का त्येच्या अंगावर?"

"ते मेलमध्ये लिहिलेलं नाही, आजी."

"मग इचारून घ्यायचं न्हाई व्हय? येवढी शिकलेली तुमी!"

साडेबारा. मनीषनं लॅपटॉप मांडीवर घेतला आणि वेदांतचं खातं सोडवलं, पासवर्ड नवा केला, कंपनीचा तो प्रश्न पाठवला. दगडापुढचा फोन उजळला. वाकून दोघांनी वाचलं, म्हणजे यानं वाचलं, म्हातारीनं बघितलं. 'आपली अडचण दूर झाली का?' खाली दोन चौकटी, हो आणि नाही, आणि निळी पट्टी 'नाही'वर उभी. एक बोट मधली गोळी सरकवायला, एक बोट दाबायला, की संपलं. दीड हाताचं अंतर! आणि तक्रार उघडी ती उघडीच!

"आजी, मी उचलत नाही. फक्त एक बटण."

"हात त्यो हातच की. थांब, कौल लावती." तिनं देवाला वाहिलेल्या झेंडूच्या दोन पाकळ्या घेतल्या, पाण्यात बुडवून दगडाच्या दोन अंगांना चिकटवल्या. उजवी पडली तर हात लाव, डावी पडली तर नाही. वारा शून्य. आणि चिकटवल्या चिकटवल्या डावी अशी गळून पडली, जशी वाटच बघत होती.

"न्हाई म्हनतोय."

पोरगा गयावया करायला लागला. रविवारचा साखरपुडा सांगितला, हेडमास्तर सांगितले, पेढे सांगितले. म्हातारी म्हणते, "मला काय सांगतुयास, त्येला सांग!" मनीषनं एकदा धीर करून हात पुढं केला. लाल दिवा मिचमिचायचा थांबला. हात मागं घेतला. मिचमिच. पुन्हा पुढं. थांबला! तुम्ही म्हणाल योगायोग. मीही तेच म्हणालो त्याला. तो म्हणाला, "काका, चार वेळा?"

मग त्यानं हात जोडले. म्हसोबाला नाही हो, फोनला. आणि तोंडातून आलं ते आधी ऑफिसातलंच, "सर, आपली अडचण दूर झाली असेल तर कृपया 'हो' दाबावं..." आणि मग आपल्या बोलीत म्हणाला, "वेदांत, तुझ्याच खुर्चीत बसायलोय मी. तुझं काम मी करायलोय. उगाच अडकून नको राहू रे. आता मेल येते, जाते, सगळं झालंय. सुट तू आता."

एकला पाच कमी. तेवढ्यात ओढ्यातून टेम्पोचा आवाज, आणि राजू हजर, चंद्राबाईचा लेक, दांडगा गडी, तोंडात तंबाखू. "आये, काय चाललंय? ह्यो कोन पाव्हना? आसा रडतुया का?" म्हातारीनं सांगायला सुरुवात केली, हा ऐकतोय कसला! "दिव्याची वात खाली गेलीया की गं," म्हणत वाकला, वात सारली, आणि मनगट घासलं फोनला. गोळी सरकली, बटण दाबलं गेलं, टुक! लॅपटॉपवर अक्षरं उमटली. तक्रार बंद. हिंजवडीत बोर्डवर झीरो. शरदचंद्र साहेबांनी एकच्या ठोक्याला झीरो पाहिला आणि सही केली. रविवारी पत्र परभणीला पोचलं, पेढेही पोचले, आणि हेडमास्तरांनी पत्रातल्या दोन चुका लाल पेननं दुरुस्त करून जावयाला कुंकू लावलं. झालं सगळं छान!

बसा बसा, उठू नका. जीभ झडेल म्हणालो होतो मघाशी, तिची काळजी मलाच घ्यायला हवी. यात खोटं काय ते सांगून टाकतो.

राजू.

राजू आहे, टेम्पोही आहे, पण त्या दुपारी तो विटा घेऊन पिरंगुटला गेला होता, दिवस मावळल्यावर आला. त्याला मी तिथं आणला. काय करू? राजूशिवाय ही गोष्ट पहिल्यांदा मेसमध्ये सांगितली, तर दुसऱ्या दिवशी निम्मी पोरं जेवायलाच आली नाहीत, पंचावन्न चपात्या उरल्या. तेव्हापासून राजू घालतो. म्हसोबापुढं तेव्हा दोनच माणसं होती, दोघांचेही हात जोडलेले, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ती निळी पट्टी 'नाही'वरून 'हो'वर सरकली. सावकाश. म्हाताऱ्या माणसाला नीट दिसत नाही, तेव्हा तो दाबतो ना, तशी.

मनीष हे कुणाला सांगत नाही. लग्न झालं, मुलगी झाली, बढती झाली. त्याला एकच गोष्ट खाते. तक्रार बंद झाली की कंपनीकडून आपोआप दुसरा प्रश्न जातो, 'आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल?' सोमवारी दुपारी बारा वाजता त्याचं उत्तर आलं. तीन.

"काका," अजूनही भेटला की विचारतो, "दोन कशाचे कापले असतील हो?"

मी म्हणतो, अरे बाबा, ते विचारायला कधी ना कधी आपण सगळेच जाणार आहोत. घाई काय आहे?